सोलापूरच्या काळ्या कातळावरील खनिजशोध: सोन्याच्या ओढीपासून झिओलाइटच्या स्फटिकांपर्यंत

सोलापूर जिल्ह्यात विहीर खणताना चमकदार खडा निघाला किंवा ओढ्याच्या वाळूत पिवळी टिकली दिसली, की गावात सोन्याची चर्चा सुरू होते. ही उत्सुकता स्वाभाविक आहे आणि ती योग्य वाटेने नेली तर तिच्यातून उत्तम अभ्यासही घडतो. मात्र खनिजशोधाच्या कामात हत्यार सर्वांत शेवटी हाती घ्यायचे असते. आधी खडक वाचावा लागतो, मग कायदा, मग नकाशा. हा क्रम उलटा केल्यामुळे लोकांचा पैसा आणि हंगाम वाया जातो, आणि काही वेळा प्रकरण महसूल खात्याच्या दंडापर्यंत पोहोचते. पुढील मांडणी याच क्रमाने केली आहे.

पहिली पायरी: आपल्या पायाखालचा खडक ओळखणे

सोलापूरच्या अकराही तालुक्यांत जमिनीखाली मुख्यतः एकच खडक आहे, तो म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला आणि त्यावर पुन्हा नवा प्रवाह आला. असे थरावर थर साचून हे पठार तयार झाले. जुना, सोने धारण करू शकणारा पायाचा खडक या थरांच्या खाली गाडला गेला आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारी येथे १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी जे वेधनछिद्र घेतले, त्यात बेसाल्टची जाडी सुमारे ३३८ मीटर भरली आणि त्याखाली पायाचा खडक लागला. यावरून शेतातल्या विहिरीतून किंवा कूपनलिकेतून सोन्याची शिरा लागण्याची अपेक्षा का धरू नये, हे स्पष्ट व्हावे.

सोन्याचे साठे बहुधा गरम, खनिजयुक्त पाणी खडकाच्या भेगांतून दीर्घकाळ फिरल्याने बनतात. दक्षिण भारतात असे साठे प्रामुख्याने अडीच अब्ज वर्षांहून जुन्या धारवाड शिस्ट पट्ट्यांत, म्हणजे उष्णता व दाबाने बदललेल्या पापुद्र्यांच्या खडकांत, आढळतात. कर्नाटकातील रायचूर जिल्ह्यातील हट्टी येथे आजही सोन्याची खाण चालते, तर कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली. महाराष्ट्रातही सोन्याची नोंद आहे, परंतु ती विदर्भात, नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील जुन्या खडकांत, बेसाल्टच्या आवरणाबाहेर.

आता नदीचा विचार करू. नदीतले सोने नेहमी वरच्या अंगाच्या खडकांतून झिजून येते. भीमा भीमाशंकराजवळ उगम पावते आणि सोलापूर जिल्हा ओलांडेपर्यंत तिचा व तिला मिळणाऱ्या नीरा, माण, सीना या नद्यांचा प्रवास बेसाल्टवरूनच होतो. आपल्या घरांत जी शहाबादी फरशी बसवलेली असते, तिचा चुनखडक पुढे कलबुर्गीच्या बाजूला, बेसाल्टचे आवरण संपते तिथे उघडा पडतो. त्यापुढे ग्रॅनाइट व नाइसचा प्रदेश लागतो आणि भीमा रायचूरजवळ कृष्णेला मिळते. म्हणजे सोन्याचे खडक सोलापूरच्या खालच्या अंगाला आहेत आणि तिथला कण प्रवाहाविरुद्ध आपल्याकडे येणार नाही. ज्याला हे एकदा उमगले, तो पंढरपूरच्या वाळवंटात सोने शोधण्यात एकही दिवस घालवणार नाही.

मग या कातळात आहे काय? बरेच काही आहे. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूंच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत झिओलाइट (रचनेत पाणी धरून ठेवणारी खनिजे), कॅल्साइट, गारगोटी आणि अकीक यांचे स्फटिक वाढवले. पुणे, नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतील खाणींमधून निघालेले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेले आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतील निळे कॅव्हानसाइट संग्राहकांमध्ये विशेष प्रसिद्ध आहे, आणि सिन्नर येथे या खनिजांना वाहिलेले ‘गारगोटी’ नावाचे संग्रहालयही आहे. सोलापूरचा खडक त्याच कुळातला आहे. माझ्या मते सोलापूरकराने सोने धुण्याचे तंत्र कौशल्य म्हणून शिकावे आणि प्रत्यक्ष शोध या स्फटिकांचा घ्यावा.

दुसरी पायरी: कायदा आणि परवानगी

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी तो वगळू नये. खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ याच्या कलम ४ नुसार परवान्याशिवाय खनिजाचे पूर्वेक्षण (साठ्याचा शोध व तपासणी) किंवा उत्खनन करता येत नाही. सोने हे प्रमुख खनिज आहे आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर अशा खनिजांचे पट्टे, म्हणजे खाणकामाचे करार, लिलावानेच दिले जातात. त्यामुळे एका माणसाने घमेले घेऊन सोन्याची छोटी खाण सुरू करावी, अशी वाट आपल्याकडे कायद्याने जवळपास उरलेली नाही. उल्लंघनास ५ वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरमागे ५ लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे.

वाळू, मुरूम, बांधकामाचा दगड, अकीक, कॅल्साइट, जास्पर ही गौण खनिजे आहेत आणि त्यांचे नियमन राज्य शासन करते. त्यासाठी महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, २०१३ लागू आहेत. शेत आपले असले तरी त्यातील खनिज आपोआप आपले होत नाही, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे खनिजांवरील हक्क शासनाकडे राखून ठेवलेला आहे. विनापरवाना उत्खनन केल्यास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि ट्रॅक्टर, जेसीबी यांसारखी साधने जप्त होऊ शकतात. भीमा व सीनेच्या पात्रात वाळूचा विषय आधीच इतका नाजूक आहे, की तिथे फावडे घेऊन उतरलेल्या माणसाच्या हेतूवर कोणीही शंका घेईल.

म्हणून व्यवहारात असे करावे. खासगी शेतात जायचे असल्यास सातबारा पाहून मालकाची लेखी संमती घ्यावी. चालू खाणीत जायचे असल्यास पट्टेदाराची परवानगी घ्यावी. सरकारी गायरान किंवा नदीपात्र असल्यास तहसीलदारांना अर्ज करावा आणि खनिजाविषयी शंका असल्यास जिल्हाधिकारी कार्यालयातील जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांना विचारावे. वनजमीन पूर्णपणे टाळावी. नान्नजचे माळढोक अभयारण्य तर कोणत्याही परिस्थितीत वर्ज्य समजावे, कारण तिथला माळ मोकळा दिसला तरी तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे.

गुप्तधनाचा उल्लेख इथे करणे भाग आहे. यंत्राने किंवा विधीने जमिनीतले सोने दाखवतो असे सांगणारी माणसे खेड्यापाड्यांत फिरतात आणि कष्टाचे पैसे घेऊन जातात. भूगर्भशास्त्राचा आणि अशा माणसांचा काडीचाही संबंध नाही, आणि अशा अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून स्वतंत्र कायदा आहे. जमिनीत पुरलेली जुनी नाणी किंवा दागिने खरोखरच सापडले, तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार १० रुपयांहून अधिक मूल्याच्या अशा ठेव्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. संरक्षित किल्ले व मंदिरांच्या परिसरात मेटल डिटेक्टर घेऊन जाऊ नये.

तिसरी पायरी: घरी बसून करायचा अभ्यास

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ पासून देशाचे खडक नोंदवत आली आहे आणि तिच्या ‘भूकोश’ संकेतस्थळावर जिल्ह्याचे भूवैज्ञानिक नकाशे मोफत पाहता येतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलाकृतिक नकाशेही उपलब्ध आहेत. जुन्या पद्धतीत सोलापूर शहर व आसपासचा भाग ४७-ओ या पत्रकात येतो. हे दोन्ही नकाशे शेजारी ठेवून ओढे, टेकड्यांच्या उतारावरील पायऱ्या, खाणी आणि रस्त्यांसाठी कापलेले डोंगर यांवर खुणा कराव्यात. बार्शीकडील बालाघाटच्या रांगांत लाव्हाचे थर पायऱ्यांसारखे उघडे दिसतात आणि नवशिक्यासाठी ती उत्तम शाळा आहे. सोलापूर विद्यापीठात भूविज्ञानाचे शिक्षण दिले जाते. एखादा नमुना ओळखता आला नाही, तर तिथल्या अभ्यासकांना विनम्रपणे दाखवावा.

एका लाव्हा प्रवाहाचे तीन भाग ओळखायला शिकणे हे या पायरीचे सार आहे. तळाला घट्ट, काळा कातळ असतो, ज्यात पोकळ्या फार कमी असतात. वरच्या भागात पोकळ्या वाढत जातात आणि त्या पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरलेल्या असतात. विहीर खणणारे लोक याला मांजऱ्या खडक म्हणतात. दोन प्रवाहांच्या मध्ये बहुतेक वेळा गेरूसारखा तांबडा मातकट थर आढळतो. तांबडा थर दिसला की त्याच्या लगेच खाली असलेल्या प्रवाहाचा माथा तपासावा, कारण मोठ्या पोकळ्या तिथे असण्याची शक्यता सर्वाधिक असते.

चौथी पायरी: साहित्य आणि हंगाम

साहित्य फार महाग नाही. एक किलोच्या आसपास वजनाचा हातोडा, दोन छन्न्या, पहार, घमेले, पाच मिलिमीटर जाळीची चाळणी, रुंद कडांची परात किंवा प्लॅस्टिकची धुण्याची थाळी, शक्तिशाली लोहचुंबक, दहापट मोठे दाखवणारे भिंग, तांब्याची तार, काचेचा तुकडा, पोलादी कानस आणि झिलई नसलेल्या टाइलचा तुकडा एवढ्यावर काम चालते. टाइलची मागची खरखरीत बाजू कस पाहण्यासाठी वापरायची असते. डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच, कारण बेसाल्टची कपची काचेसारखी उडते. बांधणीसाठी जुनी वर्तमानपत्रे, कापूस आणि पुठ्ठ्याची खोकी सोबत ठेवावीत.

दिवाळीनंतर फाल्गुनापर्यंतचे दिवस सर्वांत योग्य. ओढ्यांचे पाणी उतरलेले असते, गवत वाळू लागते आणि ऊन सोसवते. चैत्र-वैशाखात सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो आणि उघड्या कातळावर काम करणे धोक्याचे ठरते. भीमेच्या पात्रात उतरण्यापूर्वी उजनीतून पाणी सोडले आहे का, याची चौकशी केल्याशिवाय जाऊ नये. पावसाळा नसतानाही पिण्यासाठी किंवा शेतीसाठी पाणी सोडले जाते आणि कोरडे पात्र भरू लागते.

पाचवी पायरी: धुण्याचे तंत्र, आणि त्याचा सराव घरी

सराफ बाजारातील केर आणि गटारातला गाळ धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहेत. त्यांच्या हातातले कसब आणि नदीत सोने धुणाऱ्याचे कसब मुळात एकच आहे, कारण दोन्हीकडे भरवसा फक्त घनतेवर असतो. पाण्याची घनता १ धरली तर सोन्याची घनता १९.३ आहे, गारगोटीची २.६५, बेसाल्टची सुमारे २.९ आणि काळ्या वाळूतील मॅग्नेटाइट या लोहखनिजाची ५.२. पाण्यात हलवल्यावर जड कण खाली बसतात आणि हलके कण काठावरून निघून जातात. बाकी सर्व सवयीचा भाग आहे.

परवान्याचा प्रश्न येऊ नये म्हणून सराव घरीच मोठ्या टबात करावा. पावतीसह विकत घेतलेल्या वाळूचे एक घमेले घ्यावे आणि त्यात मासेमारीच्या जाळ्याला लावतात त्या शिशाचे बारीक तुकडे, नेमके दहा, मिसळावेत. शिशाची घनता ११.३ असल्याने ते सोन्यापेक्षा निसटायला सोपे असतात, म्हणून त्यांच्यावर हात बसला की सोन्यावर बसलाच. सरावानंतर हात साबणाने धुवावेत आणि टबातले पाणी जनावरांपासून दूर ठेवावे.

आधी वाळू पाण्याखाली चाळून मोठे खडे वेगळे करावेत, पण ते फेकण्यापूर्वी पाहून घ्यावेत. चाळलेली वाळू परातीत निम्म्यापेक्षा थोडी जास्त भरून परात पूर्ण पाण्याखाली धरावी आणि चिकणमातीचे गोळे बोटांनी फोडावेत. काळ्या मातीच्या प्रदेशात हे फार महत्त्वाचे आहे, कारण चिकट गोळा आपल्यासोबत बारीक जड कण वाहून नेतो. पाणी निवळेपर्यंत हे करत राहावे. त्यानंतर परात सपाट धरून डावी-उजवीकडे जोराने हलवावी. या हलवण्यानेच जड कण तळाशी जातात, म्हणून घाईने पुढे जाऊ नये. मग परात पुढच्या बाजूला थोडी कलती करून पाण्यात बुडवावी आणि उचलावी. वरचा हलका थर काठावरून निघून जाईल. पुन्हा सपाट धरून हलवावे, पुन्हा कलती करावी. शेवटी चमचाभर काळी वाळू उरते. ती थोड्या पाण्यात गोल फिरवून पंख्यासारखी पसरवली, की जड कण मागच्या टोकाला रेंगाळतात. दहाही तुकडे प्रत्येक वेळी हाती येईपर्यंत हा सराव चालू ठेवावा. आठ-नऊ मिळाले म्हणून समाधान मानू नये, कारण निसटलेला तुकडा पुढे खऱ्या नमुन्याचा निष्कर्ष खोटा ठरवेल.

काळी वाळू वाळवून, लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्यावरून फिरवावा. मॅग्नेटाइट चिकटतो आणि पिशवी उलटी केली की वेगळा पडतो. बेसाल्टमध्ये लोह व टायटॅनियमची खनिजे भरपूर असल्याने सोलापूरच्या ओढ्यांत काळी वाळू सहज मिळते. काळी वाळू भरपूर आहे म्हणजे सोने आहे, ही समजूत मात्र इथे लागू पडत नाही.

ज्या प्रदेशात सोन्याचे खडक आहेत तिथे, योग्य परवान्याने काम करणाऱ्याने, वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्याच्या मागे, प्रवाह संथ होतो त्या जागी आणि तळाच्या कातळाच्या भेगांत नमुना घ्यावा. रेतीच्या पृष्ठभागापेक्षा तळाचा थर नेहमी महत्त्वाचा असतो. प्रत्येक ठिकाणी तेवढीच रेती धुवावी, म्हणजे तुलना करता येते. कण मिळत गेले तर ओढ्याने वर जात राहावे आणि ते जिथे थांबतात तिथल्या उतारांवर शिरेचा शोध घ्यावा.

सहावी पायरी: चमकणारे सर्व तपासून पाहणे

वाळूत दिसणारी पिवळी टिकली बहुतेक वेळा झिजलेले अभ्रक असते. ती पाण्यात तरंगत सरकते, सुईने दाबली की तिचे पापुद्रे सुटतात आणि सावलीत धरली की चमक जाते. सोन्याचा रंग उन्हात आणि सावलीत सारखाच राहतो. सोन्यासारखे दिसणारे पायराइट हे खनिज कठीण असते, १ ते १० या मोहस् मापनावर त्याची कठीणता ६ ते ६.५ आहे, हातोडीने ठोकल्यास त्याचा चुरा होतो आणि टाइलवर हिरवट काळी रेघ उमटते. सोन्याची कठीणता २.५ ते ३ आहे, ते ठोकल्यास पसरते, फुटत नाही आणि रेघ पिवळीच उमटते. एवढ्या तीन कसोट्या शांतपणे लावल्या, तर सराफाकडे जाण्याची वेळ क्वचितच येईल.

आकडेमोडही करून पाहावी, कारण तिने अपेक्षा जमिनीवर राहतात. एक टन खडकात एक ग्रॅम सोने असेल, तर पंधरा किलोच्या घमेल्यात ते केवळ १५ मिलिग्रॅम भरेल. प्रत्येक बाजू ०.१ मिलिमीटर असलेल्या सोन्याच्या घनाकृती कणाचे वजन साधारण ०.०२ मिलिग्रॅम असते. म्हणजे परातीत पाच-सहा ठिपके चमकले तरी त्यांची किंमत नगण्य असते. त्यांचे मोल खडकाविषयी मिळणाऱ्या माहितीत आहे.

खडकाचा खरा कस प्रयोगशाळेतच कळतो. हॉलमार्क केंद्रातील क्ष-किरण यंत्र दागिन्याची शुद्धता सांगते, पण धातुकाचा (धातू असलेल्या खडकाचा) नमुना तिथे नेऊन उपयोग नाही. त्यासाठी भट्टीत वितळवून केलेली परीक्षा करणारी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा गाठावी. नमुना निवडताना सुंदर तुकडे वेचू नयेत. शिरेच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग खाच पाडून आलेला सर्व माल घ्यावा, तो बारीक करून ढीग करावा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवावेत आणि हवे तेवढे वजन उरेपर्यंत हेच पुन्हा करावे. नमुन्यावर क्रमांक, जागा, खोली, दिनांक आणि वजन लिहावे. खडक कुटताना तो ओला ठेवावा व नाकातोंडावर योग्य मुखपट्टी लावावी, कारण गारगोटीची धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि त्यावर उपाय नाही.

पाऱ्याबद्दल स्पष्ट लिहितो: तो वापरू नये. पारा सोन्याच्या कणांना धरतो हे खरे, पण ते मिश्रण तापवताना सुटणारी वाफ मेंदू आणि मूत्रपिंडांना कायमचे नुकसान करते आणि ती घरातल्या लहान मुलांपर्यंत पोहोचते. पाऱ्याच्या धोक्यांपासून संरक्षणासाठी झालेल्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात पाऱ्याचा असा वापर कमी करण्यावर आणि शक्य तिथे थांबवण्यावर भर आहे आणि भारताने २०१८ मध्ये त्याला अनुसमर्थन दिले आहे. सायनाइड व तीव्र आम्ले यांनाही घरगुती कामात जागा नाही.

नोंदवहीचे महत्त्व पटवण्यासाठी एक खरी घटना सांगण्याजोगी आहे. रायचूर जिल्ह्यातील मस्की येथे १९१५ मध्ये सम्राट अशोकाचा शिलालेख उजेडात आला, ज्यात ‘देवानांपिय’ या बिरुदासोबत अशोक हे नावही कोरलेले आहे. तो शोधणारा सी. बीडन हा सोन्याच्या शोधात फिरणारा खाण अभियंता होता. खडक पाहायला गेलेल्या माणसाने खडकावरची अक्षरेही पाहिली, म्हणून ‘देवानांपिय’ कोण, हा मोठा ऐतिहासिक प्रश्न सुटला. भीमेच्या खोऱ्यातही कॅल्सेडनीपासून, म्हणजे अकीकाच्या जातीच्या दगडापासून, घडवलेली अश्मयुगीन हत्यारे मिळतात. धारदार कडांचे, मुद्दाम छिलल्यासारखे दिसणारे छोटे तुकडे एकत्र आढळले, तर ते उचलू नयेत. छायाचित्र आणि जागा नोंदवून पुरातत्त्व विभागाला कळवावे.

सातवी पायरी: मांजऱ्या खडकातले स्फटिक

आता आपल्या जिल्ह्याच्या खऱ्या धनाकडे येऊ. शोधाची सर्वांत चांगली जागा म्हणजे नव्याने खणलेल्या विहिरीच्या कडेला पडलेला दगडांचा ढीग. निसर्गाने बंद ठेवलेल्या पोकळ्या तिथे सुरुंगाने आधीच उघडल्या गेलेल्या असतात आणि नवे खोदकाम करावे लागत नाही. मालकाच्या संमतीने तो ढीग उन्हाच्या तिरप्या प्रकाशात पाहावा. स्फटिकांचे पैलू तेव्हाच चमकतात. विहिरीत मात्र एकट्याने कधीही उतरू नये. जुन्या, खोल विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो आणि माणूस काही क्षणांत शुद्ध हरपतो.

ओळख पटवण्यासाठी काही खुणा लक्षात ठेवाव्यात. स्टिल्बाइट मध्ये आवळलेल्या कडब्याच्या पेंढीसारखे दिसते, रंग पांढरा, पिवळसर किंवा गुलाबी आणि कठीणता ३.५ ते ४. ह्युलँडाइटच्या सपाट पैलूवर मोत्यासारखी झाक असते. स्कोलेसाइट व मेसोलाइट सुयांच्या झुपक्यांसारखे वाढतात आणि हाताच्या स्पर्शानेही मोडतात. अपोफिलाइट काटेकोर अर्थाने झिओलाइट नाही, पण त्यांच्यासोबतच वाढते. त्याचे स्वच्छ, चौकोनी, हिरवट स्फटिक संग्राहकांना फार प्रिय असतात. कॅल्साइट तांब्याच्या तारेने जेमतेम ओरखडते आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकताच फसफसते. गारगोटी काचेवर सहज ओरखडा काढते. अकीक गोळ्याच्या रूपात मिळतो. बाहेरून खडबडीत व मळकट, पण कापल्यावर आत एकामागून एक पट्टे दिसतात.

पोकळी दिसली की स्फटिकांना हात लावू नये. पोकळीच्या बाहेर किमान चार बोटे अंतर ठेवून मूळ खडकात छन्नीने खाच करावी आणि खडकासह तुकडा सोडवावा. खडकाच्या बैठकीवर उभा असलेला अखंड गुच्छ सुट्या स्फटिकांपेक्षा नेहमी अधिक मोलाचा ठरतो. लोभाने एक स्फटिक उपटण्याच्या नादात सगळा गुच्छ जातो, आणि ज्याला या खनिजांविषयी खरी आस्था आहे त्याला ते पाहवत नाही. दगड फार कठीण असेल तर तो सोडून द्यावा. स्फोटके वापरण्याचा विचारही करू नये, त्यासाठी परवाना आणि प्रमाणित सुरुंगवाला लागतो.

साफसफाई पाण्याने आणि मऊ ब्रशने करावी. सुयांसारखे स्फटिक ब्रशनेही घासू नयेत, त्यांच्यावर केवळ पाण्याची बारीक धार सोडावी. आम्लाने झिओलाइट खराब होतात, काही तर आम्लात बुळबुळीत होऊन विरघळतात. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नये, कारण झिओलाइटच्या रचनेत पाणी असते आणि उष्णतेने ते निघून गेले की स्फटिक पांढुरका पडून तडकतो. सावलीत वाळवून प्रत्येक नमुना वेगळा बांधावा आणि सोबत चिठ्ठी ठेवावी. चिठ्ठीवर गाव, तालुका, विहिरीची किंवा खाणीची खोली आणि दिनांक हवा. जागेची खात्रीलायक नोंद नसलेल्या नमुन्याला अभ्यासक विचारत नाहीत आणि जाणता ग्राहकही कमी भाव देतो.

आठवी पायरी: छंदाकडून छोट्या व्यवसायाकडे

अभ्यासासाठी ठेवलेले चार नमुने ही एक गोष्ट, आणि नियमित काढून विकणे ही दुसरी. विक्रीचा विचार असेल तर सर्वांत सरळ मार्ग म्हणजे परवानाधारक दगडखाणीच्या पट्टेदाराशी लेखी करार करून, तिथे फुटणाऱ्या दगडातून निघणारे स्फटिक विकत घेणे. खडी यंत्रात चिरडून जाणारे स्फटिक त्यामुळे वाचतात, मजुरांनाही चार पैसे मिळतात आणि नवा खड्डा पडत नाही. मला हाच मार्ग सर्वांत पटतो. खाणीतल्या अनुभवी पाथरवटांना कुठल्या थरात पोकळ्या लागतात हे नेमके ठाऊक असते. त्यांच्याकडून शिकावे आणि त्यांना योग्य मोबदला द्यावा.

स्वतःचा पट्टा हवा असेल तर अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. सातबारा, मोजणी नकाशा, मालकाची संमती, मान्यताप्राप्त व्यक्तीने केलेला खाण आराखडा आणि पर्यावरण मंजुरी ही त्यातील मुख्य कागदपत्रे आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या आदेशानंतर पाच हेक्टरांहून लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक झाली आहे. स्वामित्वधन, म्हणजे खनिजासाठी शासनाला द्यायची रक्कम, बहुधा ब्रासवर आकारले जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. खोदकामात सुरक्षेचे नियम पाळावेत: माती, मुरूम अशा सैल थरात कडा ४५ अंशांहून उभी नसावी, किंवा दीड मीटरहून उंच नसलेल्या आणि उंचीइतक्याच रुंद पायऱ्या ठेवाव्यात. सोलापूरकडे मुरमाची कडा कोरडी असताना घट्ट वाटते, पण पहिल्या वळवाच्या पावसात ती ढासळते. म्हणून पावसाळ्यापूर्वी कडा उतरत्या करून, खड्ड्याभोवती कुंपण घालूनच काम थांबवावे.

माल बाहेर काढताना वाहतूक पास ‘महाखनिज’ प्रणालीतून घ्यावा लागतो. दराची घासाघीस करण्याआधी ग्राहकाला नमुना भिंगाखाली दाखवावा, मोडलेली किंवा डिंकाने चिकटवलेली टोके स्वतःहून सांगावीत आणि बिलावर खनिजाचे नाव, वजन, गाव व तालुका, तसेच पासचा क्रमांक नोंदवून त्याची एक प्रत आपल्या नोंदवहीत त्या नमुन्याच्या क्रमांकासमोर लावून ठेवावी.